सागवनातील तपकिरी पतंग : हिब्लिया प्युएराची ओळख व जीवनचक्र

सारांश

सागाच्या वनात पावसाळ्याच्या आरंभी मोठ्या संख्येने आढळणारा हिब्लिया प्युएरा हा मध्यम आकाराचा तपकिरी पतंग आहे. त्याची अळी सागाची कोवळी पाने खाऊन टाकते. याच झाडावर पानांची जाळी करणारी दुसरी एक अळी आढळते व दोहोंची गल्लत वारंवार होते. प्रस्तुत लेखात या पतंगाची ओळख, त्याच्या जीवनचक्रातील चार अवस्था, दोन अळ्यांमधील भेद, उद्रेकाचे स्वरूप, सागाच्या वाढीवर होणारा परिणाम आणि नियंत्रणाच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. जीवनचक्र अवघ्या तीन आठवड्यांचे असल्याने नुकसान डोळ्यांना दिसते तेव्हा अळी झाडावर उरलेली नसते. म्हणून योग्य वेळी केलेली ओळख हीच नियंत्रणाची पहिली पायरी ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : साग, पतंग, पर्णभक्षक अळी, जीवनचक्र, उद्रेक, जैविक नियंत्रण.

१. प्रस्तावना

साग हा भारतीय द्वीपकल्पातील सर्वांत मोलाचा इमारती वृक्ष होय. महाराष्ट्रात चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वने, मेळघाटचा डोंगराळ भाग, यवतमाळचा काही प्रदेश तसेच सह्याद्रीच्या उतारांवरील काही भाग सागासाठी प्रसिद्ध आहेत. आलापल्लीच्या सागाचा लौकिक तर राज्याबाहेरही पोचलेला आहे. नैसर्गिक वनांच्या जोडीला वनविभागाने व १९७४ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळाने सागाची विस्तृत रोपवने उभी केली आहेत. साग तोडणीयोग्य होण्यास साधारणतः अनेक दशके लागतात. एवढ्या दीर्घ काळात झाडाच्या वाढीत दरवर्षी थोडीशी जरी घट झाली, तरी तिची एकूण बेरीज मोठी होते.

पावसाळा सुरू होऊन सागाला नवी पालवी फुटली, की काही वर्षी एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळते. आठ-दहा दिवसांपूर्वी हिरवेगार असलेले वन एकाएकी निष्पर्ण दिसू लागते. झाडांवर पानांच्या केवळ जाड शिरा शिल्लक राहतात. जमिनीवर अळ्यांच्या विष्ठेचे बारीक काळे कण पसरतात व झाडांवरून रेशमी धाग्यांना लोंबकळत असंख्य अळ्या खाली उतरताना दिसतात. वनाला रोग लागला किंवा साग वाळला, असा समज अशा वेळी पसरतो. प्रत्यक्षात हे काम एका लहानशा तपकिरी पतंगाच्या अळीचे असते.

हा पतंग अतिशय सामान्य असूनही त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. दिवसा तो पानांआड किंवा झुडपांत निश्चल बसून राहतो आणि वाळलेल्या पानाच्या तुकड्यासारखा भासतो. त्याची अळी ठळकपणे नजरेस येते, परंतु तीही केवळ काही दिवस. त्यामुळे नुकसान सर्वांना दिसते, मात्र नुकसान करणारा जीव बहुतेकांच्या ओळखीचा नसतो.

२. नामकरण व वर्गीकरण

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन डच कीटक अभ्यासक पीटर क्रामर यांनी १७७७ मध्ये केले. आज ही जात हिब्लिया प्युएरा या नावाने ओळखली जाते. पूर्वी तिचा समावेश निशाचर पतंगांच्या नॉक्टुइडी या विशाल कुलात केला जात असे. पुढे शरीररचनेतील वेगळेपण लक्षात आल्यावर तिला हिब्लिइडी या स्वतंत्र व लहानशा कुलात स्थान देण्यात आले.

सागाचा शत्रू म्हणून या अळीची नोंद शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. केरळमधील निलांबूर येथील सागाच्या रोपवनांतील तिच्या उपद्रवाविषयी बोर्डिलन यांनी १८९८ मध्ये लिहिले. १९०४ मध्ये होल यांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सागावरील दोन कुप्रसिद्ध कीटकांविषयी लेख प्रसिद्ध केला. त्या दोघांपैकी एक म्हणजे हा पतंग आणि दुसरा म्हणजे पानांची जाळी करणाऱ्या अळीचा पतंग होय. दोन्ही कीटकांचा एकत्र विचार करण्याची परंपरा तेव्हापासूनची आहे. तथापि एकत्र उल्लेख होत राहिल्याने दोघांतील भेद काहीसा पुसट झाला, हेही मान्य करावे लागेल.

मराठीत या कीटकासाठी सर्वमान्य असे एकच नाव रूढ नाही. प्रस्तुत लेखात त्याच्या अळीस ‘पर्णभक्षक अळी’ आणि दुसऱ्या कीटकाच्या अळीस ‘जाळी करणारी अळी’ असे संबोधले आहे.

३. प्रौढ पतंगाची ओळख

पंख पसरलेल्या स्थितीत या पतंगाची रुंदी साधारणतः तीन ते चार सेंटिमीटर भरते. बसलेल्या अवस्थेत तो पुढचे पंख घराच्या उतरत्या छपराप्रमाणे शरीरावर मिटून घेतो. त्यामुळे मागचे पंख पूर्णपणे झाकले जातात व केवळ राखट तपकिरी रंग दिसतो. पुढच्या पंखांच्या रंगात बरीच विविधता असते. काही पतंग एकसारखे तपकिरी असतात, काहींत तांबूस किंवा करडी छटा असते, तर काहींच्या पंखांवर अस्पष्ट गडद पट्टे दिसतात. म्हणून केवळ पुढच्या पंखांच्या रंगावरून ओळख निश्चित करणे धोक्याचे ठरते.

ओळखीची खरी खूण मागच्या पंखांवर असते. हे पंख काळपट तपकिरी असून त्यांवर नारिंगी-पिवळ्या रंगाचे ठळक वक्र पट्टे अथवा ठिपके असतात. पतंगाला डिवचले असता तो एकाएकी उडतो आणि हा नारिंगी रंग क्षणभर चमकून जातो. तो पुन्हा बसताच रंग लुप्त होतो व पाहणाऱ्याची नजर त्या रंगाचा शोध घेत राहते. भक्षकाला चकविण्याची ही युक्ती अनेक पतंगांत आढळते.

दुसरी खूण डोक्यावर दिसते. मुखाजवळील स्पर्शके पुढच्या बाजूस सरळ निघालेली असतात व ती एखाद्या लहान चोचीसारखी दिसतात. भिंगातून पाहिल्यास ही चोच स्पष्ट होते.

तपकिरी पुढचे पंख आणि नारिंगी मागचे पंख अशी रंगसंगती अन्य काही पतंगांतही असते. विदर्भातील संत्रा उत्पादकांना परिचित असलेला, फळांना सोंड खुपसून रस शोषणारा पतंग हे याचे उत्तम उदाहरण होय. परंतु तो आकाराने कितीतरी मोठा असतो. त्याच्या पंखांचा विस्तार आठ ते दहा सेंटिमीटरपर्यंत जातो व त्याची अळी गुळवेलीच्या वर्गातील वेलींवर वाढते. आकाराचे भान ठेवल्यास या दोहोंची गल्लत होण्याचे कारण नाही.

४. जीवनचक्र

सर्व पतंगांप्रमाणे या पतंगाचे जीवनचक्र अंडी, अळी, कोश व प्रौढ पतंग अशा चार अवस्थांतून पूर्ण होते. अनुकूल उष्ण व दमट हवामानात एक पिढी सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण होते. हवा थंड असल्यास हाच कालावधी पाच आठवड्यांपर्यंत लांबू शकतो.

४.१ अंडी : मादी रात्री कोवळ्या पानांवर, बहुधा खालच्या बाजूस शिरांच्या लगत, एकेक अंडे सुटे घालते. अंडे चपटे, लांबट गोल, पांढुरके व सुमारे एक मिलिमीटर लांबीचे असते. एक मादी सरासरी ५०० अंडी घालते, तर काही माद्या एक हजारापर्यंतही अंडी घालतात. अंडी पुंजक्याने न घालता विखरून घातली जात असल्याने ती सहजासहजी नजरेस पडत नाहीत. सुमारे दोन दिवसांत त्यांतून अळ्या बाहेर पडतात.

मादी कोवळ्या पानांचीच निवड करते, यास कारण आहे. नवजात अळीचे जबडे नाजूक असतात व जून, राठ पानांवर तिचा निभाव लागत नाही. पालवी फुटण्याची वेळ आणि पतंगांचे आगमन यांचा मेळ बसणे या जातीच्या दृष्टीने निर्णायक ठरते.

४.२ अळी : अळीच्या पाच अवस्था असतात व प्रत्येक अवस्थेच्या शेवटी ती कात टाकते. पहिल्या दोन अवस्थांत ती पानाचा पृष्ठभाग खरवडून खाते. त्या वेळी पानावर केवळ लहान फिकट डाग दिसतात. तिसऱ्या अवस्थेपासून तिच्या वागणुकीत बदल होतो. ती पानाच्या कडेला अर्धवट काप घेते, तो तुकडा उलटा दुमडते व रेशमी धाग्याने पानाला चिकटवून स्वतःसाठी घडीचे घर तयार करते. या आडोशाला राहून ती आसपासचे पान खाते. सागाच्या पानावरील अशा दुमडलेल्या कडा ही अळीच्या उपस्थितीची खात्रीलायक निशाणी आहे.

पूर्ण वाढलेली अळी साडेतीन ते साडेचार सेंटिमीटर लांब असते. तिच्या रंगात दोन प्रकार आढळतात. एक प्रकार हिरवट असतो. दुसरा काळपट असून त्याच्या पाठीवर नारिंगी वा मातकट पट्टा आणि बाजूंना पांढऱ्या रेषा असतात. अळ्यांची दाटी झाल्यावर काळपट अळ्यांचे प्रमाण वाढते. त्यामुळे उद्रेकाच्या वेळी बहुतेक अळ्या काळ्या दिसतात आणि एरवी विरळ संख्येत आढळणाऱ्या हिरवट अळ्या वेगळ्याच जातीच्या असाव्यात, असा गैरसमज होतो.

अनुकूल हवामानात अळीची वाढ दहा ते बारा दिवसांत पूर्ण होते. अळी आपल्या एकूण आहाराचा बहुतांश भाग शेवटच्या अवस्थेत खाते, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. पहिले सहा-सात दिवस झाडावर नजरेत भरेल असा फरक पडत नाही. त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत मात्र पाने झपाट्याने नाहीशी होतात. वन ‘एका रात्रीत’ उजाड झाल्याचे जे वर्णन केले जाते, त्याचे मूळ अळीच्या आहाराच्या या क्रमात आहे.

४.३ कोश : वाढ पूर्ण झालेली अळी खाणे थांबवते व रेशमी धाग्याच्या आधाराने जमिनीवर उतरते. पालापाचोळ्याखाली किंवा मातीच्या पातळ थराखाली वाळक्या पानांचे तुकडे धाग्यांनी जोडून ती सैल आवरण तयार करते व त्यात कोशावस्थेत जाते. जमीन फार ओली असल्यास खालच्या झुडपांच्या दुमडलेल्या पानांतही कोश आढळतात. कोशावस्था सहा ते आठ दिवसांची असते.

४.४ प्रौढ पतंग : कोशातून बाहेर पडलेले पतंग लवकरच समागम करतात. मोठ्या उद्रेकानंतर एकाच वेळी असंख्य पतंग बाहेर पडतात. जेथे ते वाढले तेथील पाने संपलेली असल्याने बहुतेक पतंग तेथे न थांबता कोवळी पालवी असलेल्या अन्य भागांकडे उडून जातात. निष्पर्ण झालेल्या वनात पुन्हा पालवी फुटली, तरी लगेच तेथेच दुसरा उद्रेक होईल असे नाही, याचे हे एक कारण आहे.

संपूर्ण कालक्रम दिवसांच्या हिशेबाने असा मांडता येतो. पहिल्या दिवशी अंडी घातली गेली, तर तिसऱ्या दिवशी अळ्या बाहेर येतात. आठव्या दिवसापर्यंत त्या लहान असतात. नवव्या ते चौदाव्या दिवसांत पाने फस्त होतात. पंधराव्या दिवसाच्या सुमारास अळ्या जमिनीत शिरतात आणि एकविसाव्या दिवसाच्या आसपास नवे पतंग उडू लागतात.

५. पर्णभक्षक अळी व जाळी करणारी अळी यांतील भेद

सागावरील दुसरा महत्त्वाचा कीटक म्हणजे युटेक्टोना मॅकेरालिस. त्याच्या अळीनेही सागाची वने तपकिरी दिसू लागतात. दुरून पाहणाऱ्यास दोन्ही प्रकारचे नुकसान सारखेच वाटते. जवळून पाहिल्यास पुढील भेद स्पष्ट होतात.

अ) पतंग : पर्णभक्षक अळीचा पतंग तपकिरी असून त्याच्या मागच्या पंखांवर नारिंगी पट्टे असतात. जाळी करणाऱ्या अळीचा पतंग आकाराने लहान व पिवळा असून त्याच्या पंखांवर तांबूस नागमोडी रेषा असतात.

आ) अळी : पर्णभक्षक अळी मोठी, बहुधा काळपट व पट्टेदार असते आणि पानाच्या दुमडलेल्या कडेत राहते. जाळी करणारी अळी लहान व हिरवट असते आणि पानावर विणलेल्या विरळ रेशमी जाळ्याखाली राहते.

इ) नुकसान : पर्णभक्षक अळी पानाचा सर्व मऊ भाग खाते व केवळ मुख्य, जाड शिरा मागे उरतात. जाळी करणारी अळी शिरांमधला हिरवा भाग तेवढा खाते. बारीक शिरांचे जाळे शाबूत राहते व पान झाडावरच वाळून तपकिरी होते.

ई) पानाचे वय : पर्णभक्षक अळीला कोवळी पाने लागतात. जाळी करणारी अळी जून पाने खाते.

उ) काळ : मध्य भारतात पर्णभक्षक अळीचा जोर प्रामुख्याने जुलै-ऑगस्टमध्ये असतो. जाळी करणारी अळी ऑगस्टपासून वाढू लागते व ऑक्टोबरपर्यंत, काही ठिकाणी त्यानंतरही, दिसते.

शेवटचा मुद्दा आर्थिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा आहे. पावसाळ्याच्या आरंभी सागाची वाढ वेगाने होत असते व या वेळी गेलेले पान म्हणजे गेलेली वाढ होय. पावसाळा सरता सरता वाढीचा हंगाम बहुतांशी पूर्ण झालेला असतो आणि पुढे पानगळ होणारच असते. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये वन तपकिरी दिसले म्हणून होणारी चिंता आणि जुलैमध्ये ते उजाड झाले म्हणून व्हावयास हवी ती चिंता, या दोन्ही एकाच मापाने मोजता येत नाहीत.

६. उद्रेकाचे स्वरूप

वर्षातील बराच काळ हा पतंग अत्यल्प संख्येने असतो. निर्गुडी, टेटू, बुच अशा अन्य झाडांवरही त्याची अळी जगू शकते. मग एकाएकी कोट्यवधी अळ्या कोठून येतात, हा प्रश्न अभ्यासकांना दीर्घकाळ पडलेला होता.

केरळ वन संशोधन संस्थेचे के. एस. एस. नायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी निलांबूर येथे केलेल्या प्रदीर्घ अभ्यासातून या प्रश्नावर प्रकाश पडला. तेथे मान्सूनपूर्व सरींच्या सुमारास, फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात, उद्रेकाचा आरंभ सबंध वनात एकाच वेळी होत नाही. प्रथम एक-दोन हेक्टरांइतक्या लहान, विखुरलेल्या पट्ट्यांत अळ्या मोठ्या संख्येने दिसतात. या पट्ट्यांना उद्रेककेंद्रे म्हटले जाते. तेथून बाहेर पडलेले पतंग पुढील पिढीत अधिक मोठे क्षेत्र व्यापतात आणि दोन-तीन पिढ्यांत शेकडो हेक्टर वन निष्पर्ण होते. वाऱ्याच्या साहाय्याने पतंगांचे थवे दूरवर जात असावेत, असेही या अभ्यासातून सूचित होते.

या वाढीचा वेग साध्या गणितानेही लक्षात येईल. एका मादीच्या ५०० अंड्यांपैकी नऊ दशांश नष्ट झाली, असे मानले तरी ५० पतंग उरतात. त्यांतील निम्म्या माद्या धरल्यास दुसऱ्या पिढीत याच प्रमाणाने १,२५० आणि तिसऱ्या पिढीत ३१,२५० पतंग होतात. हे केवळ दोन-अडीच महिन्यांत घडू शकते. प्रत्यक्षात पक्षी, परजीवी कीटक, रोग व अन्नाची टंचाई यांमुळे ही वाढ रोखली जाते. परंतु आरंभीच्या पिढीत हे अंकुश सैल असले, तर उद्रेक अटळ ठरतो.

महाराष्ट्रासह मध्य भारतात सागाची पालवी व पाऊस यांचे वेळापत्रक केरळहून निराळे आहे. येथे उद्रेकाचा काळ मान्सूनच्या आगमनाशी जोडलेला आहे. म्हणून निलांबूरच्या तारखा येथे जशाच्या तशा लागू न करता पालवी व पहिला पाऊस यांच्या संदर्भातच निरीक्षणाची आखणी करावयास हवी.

७. सागाच्या वाढीवर होणारा परिणाम

पर्णभक्षक अळीमुळे सागाचे मोठे झाड सहसा मरत नाही. खोडात व मुळांत साठविलेल्या अन्नाच्या आधारे ते काही आठवड्यांत पुन्हा पालवी धारण करते. वन पुन्हा हिरवे झालेले पाहून नुकसान भरून निघाले, असा समज होतो आणि हीच खरी फसगत होय. दुसऱ्या पालवीसाठी खर्ची पडलेले अन्न एरवी खोडाच्या वाढीसाठी उपयोगी आले असते.

हे नुकसान किती, याचे मोजमाप निलांबूर येथे चार ते आठ वर्षे वयाच्या रोपवनांत करण्यात आले. काही झाडांना अळीपासून संरक्षण देण्यात आले व काही झाडे तशीच ठेवण्यात आली. संरक्षित झाडांच्या लाकडाची वाढ दर हेक्टरी दरसाल ६.७ घनमीटर, तर असंरक्षित झाडांची ३.७ घनमीटर भरली. म्हणजे संभाव्य वाढीच्या सुमारे ४४ टक्के वाढ अळीमुळे हातची गेली. जाळी करणाऱ्या अळीमुळे मात्र तेथे वाढीत लक्षणीय घट आढळली नाही. दोन कीटकांची अचूक ओळख का आवश्यक आहे, याचे यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणे कठीण आहे.

तरुण रोपवनांत आणखी एक हानी संभवते. शेंड्याची कळी खाल्ली गेल्यास सरळ वाढणारे खोड थांबते, बाजूच्या फांद्या पुढे येतात व खोडाला दुबेळके फुटते. सागाची किंमत त्याच्या सरळ, लांब सोटावर ठरते. त्यामुळे कोवळ्या वयातील असा दोष झाडाला आयुष्यभर चिकटतो.

८. नैसर्गिक शत्रू व नियंत्रण

उद्रेकाच्या काळात अनेक जातींचे पक्षी या अळ्यांवर तुटून पडतात. पॅलेक्सोरिस्टा सोलेनिस ही माशी अळीवर, तर ब्रॅकिमेरिया लॅसस ही लहान गांधीलमाशीसारखी परजीवी जात कोशावर उपजीविका करते. मात्र संख्यावाढीच्या वेगात हे शत्रू बहुधा मागे पडतात. पिढी पूर्ण होताच पतंग अन्यत्र उडून जातात आणि परजीवी कीटक मागे राहतात.

रासायनिक कीटकनाशकांचे प्रयोगही झाले. १९६५ मध्ये केरळमधील कोन्नी येथे पर्णभक्षक अळीविरुद्ध, तर १९७८ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशातील व आजच्या छत्तीसगडमधील बारनवापारा येथे जाळी करणाऱ्या अळीविरुद्ध विमानातून फवारणी करण्यात आली. वन म्हणजे शेत नव्हे. तेथील ओढे, पक्षी, मधमाश्या, जनावरे व वनात राहणारी माणसे यांवर विषाचा होणारा परिणाम लक्षात घेता हा मार्ग सर्वत्र अनुसरण्याजोगा नाही. शिवाय ज्या परजीवी कीटकांमुळे अळ्यांवर थोडाफार अंकुश राहतो, तेही अशा फवारणीत मरतात.

याला पर्याय म्हणून एका विषाणूकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. या अळीला न्यूक्लिअर पॉलिहेड्रोसिस या प्रकारच्या विषाणूची लागण होते, अशी नोंद केरळ वन संशोधन संस्थेतील व त्यांच्या सहकारी संशोधकांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. लागण झालेली अळी खाणे थांबवते व काही दिवसांत मरून लोंबकळते. तिचे शरीर फुटून पाझरणारा द्रव पानांवर पसरतो आणि तो पोटात गेलेल्या अन्य अळ्यांनाही लागण होते. हा विषाणू पक्षी, मनुष्य वा मधमाश्या यांना अपाय करीत नाही. पुढे या संस्थेने त्याच्या उत्पादनाची व फवारणीची पद्धतही विकसित केली.

तथापि या उपायालाही मर्यादा आहेत. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे पानांवरील विषाणू लवकर निष्क्रिय होतो. फवारणी अळी लहान असतानाच करावी लागते, कारण मोठ्या अळीला अधिक मात्रा लागते व ती मरेपर्यंत पान खाऊन झालेले असते. म्हणजे उपाय कोणताही असो, अंडी घातल्यापासून सुमारे आठ दिवसांच्या आत उद्रेककेंद्र सापडले पाहिजे, ही अट कायम राहते.

ही अट पूर्ण करण्याचे काम प्रयोगशाळेत होणारे नाही. नियतक्षेत्रात दररोज फिरणारा वनरक्षक आणि वनालगतच्या गावांतील रहिवासी हेच ते करू शकतात. पालवी फुटल्यानंतर आठवड्यातून दोनदा काही ठरावीक झाडांच्या कोवळ्या पानांची खालची बाजू तपासणे, पानांच्या दुमडलेल्या कडा शोधणे, झुडपांतून नारिंगी झाक दाखवीत उडणारे तपकिरी पतंग एकाएकी वाढले आहेत काय हे पाहणे आणि स्थळ व दिनांक यांची नोंद ठेवणे, एवढे साधे हे काम आहे. काही वर्षांच्या अशा नोंदी हाती आल्यास त्या त्या परिक्षेत्रातील उद्रेककेंद्रांचा आराखडा तयार होऊ शकेल.

९. सागवनाबाहेरील अस्तित्व

हा पतंग केवळ सागाशी बांधलेला नाही. मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसरातील खाडीकाठच्या कांदळवनांत तिवराच्या झाडांवर त्याच्या अळ्या मोठ्या संख्येने आढळतात. त्या वेळी तिवराची बने तपकिरी पडतात व कोणी विष टाकून झाडे मारली, अशी शंका नागरिकांच्या मनात येते. खाडीकाठच्या वनांवरील अतिक्रमणाचा इतिहास पाहता ती शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही. म्हणूनच पाने जवळून पाहून अळीच्या खुणा तपासणे तेथेही अगत्याचे ठरते. अळीने खाल्लेल्या तिवराला काही आठवड्यांत पुन्हा पालवी येते. भरती-ओहोटीच्या पाण्यात मासे, कोळंबी व खेकडे वाढत असल्याने तेथे कीटकनाशकाची फवारणी करणे सर्वथा अनिष्ट होय.

इंडोनेशियातील जावा बेटावर याच कीटकाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले जाते. तेथील सागवनांच्या परिसरातील लोक पावसाळ्याच्या आरंभी पालापाचोळ्यातून त्याचे कोश गोळा करून खातात व बाजारात विकतातही. एका ठिकाणी उपद्रवी ठरलेला जीव दुसऱ्या ठिकाणी हंगामी अन्न ठरतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१०. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. हिब्लिया प्युएरा हा पतंग तपकिरी पुढचे पंख, नारिंगी पट्टे असलेले काळपट मागचे पंख आणि चोचीसारखी मुखस्पर्शके यांवरून ओळखता येतो. त्याच्या अळीची खूण पानाच्या दुमडलेल्या कडेत असते. जाळी करणाऱ्या अळीहून तिचे नुकसान वेळेच्या व परिणामाच्या दृष्टीने भिन्न व अधिक गंभीर असते. तिचे जीवनचक्र अवघ्या तीन आठवड्यांचे असून बहुतांश पाने त्यातील चार-पाच दिवसांतच नाहीशी होतात.

यावरून एक व्यावहारिक तथ्य पुढे येते. वन उजाड झाल्याची वर्दी कार्यालयात पोचते तेव्हा अळ्या पालापाचोळ्याखाली कोशात गेलेल्या असतात आणि त्या वेळी झाडांवर केलेली फवारणी रिकाम्या फांद्यांवर होते. खर्च होतो, विष पसरते, परंतु कीटक सुखरूप राहतो. याउलट पालवीच्या पहिल्या आठवड्यात दुमडलेल्या पानाची एक कडा उलगडून पाहणाऱ्या वनरक्षकाच्या हाती कृतीसाठी काही दिवस शिल्लक असतात. सागाच्या वाढीचे रक्षण त्या काही दिवसांवर अवलंबून आहे.